सातेकोप संघ : सुगीतला अहवाल

सातेकोप, ता. खानापूर
६ नोव्हेंबर २०२५

आनंदा,

‘प्रिय’ लिहावं की नको यात सगळी सकाळ गेली, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर जानेवारीपासून एकच टिक येते. स्वराली म्हणाली, "आजोबा, सरांनी ब्लॉक केलंय तुमास्नी." मी म्हटलं, पोस्टमनला कसा ब्लॉक करतोय बघू. वहिनींनी तिला वाढदिवसाचं ग्रीटिंग पाठवलं होतं, त्याच्या पाकिटावरून तुझ्या लेकाचा, आशुतोषचा निपाणीचा पत्ता घेतला.

हे भांडणाचं पत्र नाही आणि समेटाचंही नाही. पोरींचा सराव सोमवारपासून सुरू झाला. जानेवारीत जिल्ह्याच्या मॅची आहेत. शाळेत पीटी शिकवता शिकवता ज्या माणसानं तीस वर्षं हा संघ वाढवला, त्याला यंदा कोण किती पाण्यात आहे ते कळावं, एवढाच हेतू. मी कधी बॉल हातात धरला नाही, मान्य. पण अठ्ठावीस वर्षं खानापूर-बेळगाव बसचा कंडक्टर होतो. कोण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणार, कोण कोपर मारून चढणार आणि कोण जागा असूनही दारातच लोंबकळणार, हे मला माणूस स्टँडवर असतानाच कळतं. तुझ्या बास्केटबॉलात याहून वेगळं काय असतं?

सध्या सुगी चालू आहे. पोरी दिवसभर भात कापतात आणि पाचला मैदानावर येतात. मनुबाई तर परवा कमरेला विळा तसाच खोचून आली. तिला आजीचं नाव ठेवलंय आणि तब्येतही आजीचीच दिली आहे. ती अंगावर आली की समोरची पोरगी बॉल आपणहून देऊन टाकते, विळा असो वा नसो. मी नियम केला: विळे आंब्याच्या बुडाशी ठेवायचे. बचावाला ती एक नंबर आहे, फक्त पळायला लावू नये.

सौम्या अजून कॅप्टन आहे. दुसऱ्या पीयूसीला, बारावीला गेली, पण तोंड तेवढंच चालतं. बॉल तिच्या हातात असतो तेव्हा ती बोलते, नसतो तेव्हा जास्त बोलते. सरावात समोरच्या पोरी नुसत्या ऐकून दमतात. तिला जागा बरोबर दिसते. माझ्या बसमध्ये असती तर खिडकीची सीट तिचीच.

प्रियदर्शनी आणखी दोन बोटं वाढली. पण आनंदा, तिचं दुखणं मला यंदा सापडलं. त्यांच्या घराचं दार खुजं आहे. जन्मभर ती पोरगी आत-बाहेर करताना मान वाकवत आली. आता रिंगखाली पोचली की तिची मान आपोआप खाली जाते. गावातली सगळ्यात उंच पोरगी रिंगखाली सगळ्यात बुटकी होते! मी तिच्या बापाला म्हटलं, चौकट बदल. तो म्हणाला, "बास्केटबॉलपायी मी घर पाडू व्हय?"

ऋतिका वाऱ्यासारखी पळते, पण नेहमी उजवीकडूनच. डावीकडं आपल्या मैदानाला शाळेची गटार लागून आहे आणि सातवीत असताना ती त्यात पडली होती, ते तुला आठवत असेल, तूच ओढून काढलीस. तेव्हापासून ती डावीकडं जात नाही. परगावच्या मैदानातही जात नाही, तिथं गटार नसली तरी.

स्वराली बरी आहे.

तुझा
मष्णू


१४ नोव्हेंबर

आनंदा,

आठ दिवस झाले. निपाणीहून उत्तर यायला आठ दिवस लागत नाहीत. तंबाखूच्या गाड्यासुद्धा एका दिवसात येतात. पण माझी तक्रार नाही.

सध्या सराव मीच घेतो. दुसरं कोणी तयार होईना. तुझ्यासारखे डाव मला येत नाहीत, म्हणून जे येतं ते शिकवतो. पोरी एका जागी घोळका करून उभ्या राहिल्या की मी बाजूनं ओरडतो, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय!" तुला हसू येईल, पण गर्दी मोडते. पास द्यायचा असला की "रैट!" म्हणतो आणि थांबायचं असलं की शिट्टी मारतो. तीन दिवसांत पोरींना सवय झाली. काल शिट्टी वाजली तेव्हा रस्त्यानं जाणारी हलशीची बस थांबली, तेवढं एक झालं.

स्वरालीबद्दल मागच्या पत्रात आटोपतं घेतलं, ते तुझ्या लक्षात आलंच असणार. माझी नात म्हणून सांगत नाही, पण तिच्या हातासारखा हात या तालुक्यात नाही, हे तूच म्हणायचास. तर ती पोरगी आता बॉल टाकतच नाही. रिंग समोर, अंगावर कोणी नाही, तरी पास देते. मनुबाईला देते! मनुबाई बॉलकडं बघते आणि परत तिलाच देते. हा प्रकार तीन-तीन वेळा चालतो.

मागच्या जानेवारीचं मनातून काढून टाक असं मी तिला दहा वेळा सांगितलं. आता तू म्हणशील, मागच्या जानेवारीचं मुळात घातलं कुणी? म्हणून माझी बाजू एकदाची लिहून ठेवतो.

बेळगावची फायनल. आपण एका गुणानं मागं, सात सेकंद उरलेले. त्यांच्या कोचनं अंपायरशी हुज्जत घातली आणि त्याची शिक्षा म्हणून आपल्याला एक फ्री थ्रो मिळाला. कुणीही टाकावा, कोचनं ठरवायचं. सगळ्या गावाला वाटलं सौम्या. तेव्हा मी तुझ्या कानाशी येऊन म्हटलं, "आनंदा, सकाळी माउलीचा कौल घेतलाय. शेवटचा बॉल स्वरालीनं टाकायचा, असा उजवा पडलाय." तू माझ्याकडं बघितलंस. तू शिकलेला माणूस. देवीच्या दोन खांद्यांवर गुरव ओली फुलं चिकटवतो, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही, यावर तू नेहमी म्हणायचास, ओल्या फुलाला वजन असतं, कुठलं तरी पडणारच. तरी तू स्वरालीला पुढं केलंस. ते तू केलंस, मी नाही. बॉल रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. एका गुणानं गेलो.

पुढं गावच्या बैठकीत तुला जे बोलले ते वाईट झालं. "सर आता थकले, पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातात फायनल दिली." तू घराला कुलूप लावलंस आणि निपाणीला लेकाकडं गेलास. कौलाचं नावही काढलं नाहीस. मला वाटलं तूच काढशील, म्हणून मी गप्प बसलो. हे माझं म्हणणं. देवीचा कौल सगळ्यांनाच लाभतो असं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मष्णू


२४ नोव्हेंबर

आनंदा,

काल तुमच्या निपाणीत आलो होतो. मैत्रीची मॅच म्हणे. ५८-१९. एवढी मैत्री बरी नव्हे.

मी मैदानभर तुला शोधत होतो. तू आला नाहीस. प्रमोदिनीवहिनी तेवढ्या आल्या, रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन. सगळ्या पोरींना दिले, टेम्पोच्या ड्रायव्हरला दिला, अंपायरला दिला, समोरच्या संघालाही दिले. माझ्यापुढं आल्यावर डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "भावजी, तुमची पत्रं ह्यांनी दोन-दोनदा वाचल्यात. पण ते तुमास्नी सांगायचं न्हाय असं बजावलंय." आणि निघून गेल्या.

मॅचचं थोडक्यात: प्रियदर्शनीनं मान वाकवली. ऋतिका उजवीकडून एवढ्या वेळा गेली की त्यांनी तीन पोरी उजवीकडंच उभ्या केल्या. डावीकडं एवढी मोकळी जागा होती की तिथं भात वाळत घालता आलं असतं. मी "पुढं सरका" ओरडलो तर त्यांच्याच पोरी पुढं सरकल्या. सौम्याचा आवाज बसला, तेव्हा मॅच पहिल्यांदा शांत झाली.

मग स्वरालीला फ्री थ्रो मिळाले. ती रेघेवर उभी राहिली. अंपायरनं बॉल दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि अंपायरला परत दिला. म्हणाली, "सर, दुसऱ्या कुणाला तरी टाकू दे." लोक हसले. तो अंपायर बिचारा चांगला होता, त्यानं तिला परत दिला. तिनं बॉल खाली ठेवला आणि येऊन माझ्या शेजारी बसली.

परत येताना टेम्पोत ती म्हणाली, खेळ सोडते. मी विचारलं, एका चुकलेल्या बॉलपायी? तर म्हणाली, "आजोबा, तुमीच सांगिटलं न्हवं, देवीनं माझं नाव घेटलंय म्हणून? देवीनं नाव घेऊन बी माझ्या हातनं चुकलं. म्हंजे माझ्यातच कायतरी वंगाळ हाय. आता मी रिंगकडं बघिटलं तरी मला भ्या वाटतं." पोरगी रडत नव्हती, आनंदा. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी तिला धीर यावा म्हणून मी तिच्याही कानात कौलाचं सांगितलं होतं. ते तुला ठाऊक नव्हतं. आता दुसरं ठाऊक नसलेलं लिहितो. हे लिहिण्याआधी दोन वेळा चहा प्यायलो.

मी कौल घेतलाच नव्हता. सकाळी देवळात गेलो होतो, हे खरं. पण दाराला कुलूप होतं. भावकू गुरव आदल्या दिवशीच लेकीकडं बेळगावला गेला होता, मॅच बघायला. मी जाळीतून हात जोडले आणि मनात म्हटलं, शेवटचा बॉल माझ्या नातीनं टाकावा. देवी काही बोलली नाही. फूल पडलं नाही. फूलच नव्हतं. माझी इच्छा मी तिच्या नावावर खपवली. जन्मभर विनातिकीट माणसं पकडली आणि एवढं मोठं खोटं फुकटात चढवलं.

आता तू काय म्हणायचं ते म्हण.

मष्णू


२ डिसेंबर

आनंदा,

तुझं कार्ड मिळालं. दहा महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आणि पहिल्यांदा मला बरंच वाटलं. मग वाचलं.

तू लिहितोस, "कौल खोटा हे मला तेव्हाच ठाऊक होतं. भावकू गुरव माझ्या पाठीमागं बसून चिरमुरे खात होता आणि देवळाची किल्ली त्याच्या करदोट्याला लटकत होती. तू कानाशी यायच्या आधीच माझं ठरलं होतं, बॉल स्वराली टाकणार. सरावात ती दहातले नऊ टाकत होती. तो एक दहावा निघाला. त्याचं मला काही नाही. पण बैठकीत लोक मला बोलत होते तेव्हा तू खांबाला टेकून उभा होतास आणि मान डोलावत होतास. राग त्याचा आहे."

बस, एवढंच. खाली सही. ‘तुझा’ पण नाही.

मान डोलावली, हे मला स्वतःला आठवत नव्हतं. तुझं कार्ड वाचल्यावर आठवलं. लोक म्हणत होते "सर थकले" आणि मी मान डोलावली, कारण तुझ्यावर निभावलं तर माझ्यावर येणार नाही, हा हिशोब होता. चाळीस वर्षांचा मित्र तू. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला तू आलास, कारण मला तोंड उघडायला जमत नव्हतं. आणि तुझ्यासाठी एकदा तोंड उघडायचं होतं तेव्हा मी खांबाला टेकलो. मला लाज वाटते, आनंदा. हे वाक्य चार वेळा खोडलं होतं, आता राहू देतो.

रविवारी देवळात माउलीपुढं गाऱ्हाणं घालतात, सगळा गाव जमतो. तिथं सांगणार आहे. स्वरालीनंही तिथंच ऐकावं. पोट बिघडलं असं शनिवारपासून सांगावं, असा एक विचार मनात येऊन गेला. तोही तुला कळवून ठेवतो, म्हणजे मला तसं करता येणार नाही.

मष्णू


८ डिसेंबर

आनंदा,

झालं.

भावकूनं गाऱ्हाणं संपवलं, नारळ फोडला आणि लोक उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, "थांबा." तिकिटं फाडताना अठ्ठावीस वर्षं जो आवाज होता, तो कुठं गेला कोण जाणे. दोनदा म्हणावं लागलं. मग सांगितलं. कौलाचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, तू सगळं ओळखून होतास तेही सांगितलं. आणि बैठकीत मी मान डोलावली तेही सांगितलं.

मग भावकू उसळला. "माझ्या माउलीला साक्षीला काढलंस व्हय रं, मष्णू? आणि ती बी कुलपात असताना?" त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की कौल त्याच्याशिवाय झाला. कोणी म्हणालं नारळ द्यायला लावा, कोणी म्हणालं जेवण घालायला लावा. जेवणाला बराच पाठिंबा होता. सौम्या उभी राहिली आणि म्हणाली, "म्हंजे सरांस्नी आमी उगंच बोललो," आणि पहिल्यांदाच तिला पुढं बोलता आलं नाही.

शेवटी अक्काताई उठली. नव्वदीची बाई, काठी टेकत माझ्यापुढं आली. म्हणाली, "कंडक्टर न्हवं का तू? इनातिकीट माणूस गावला की काय करत हुतास?"

मी म्हटलं, "खाली उतरवत होतो, आक्का."

"मग उतर."

तेवढ्यावर निकाल लागला. हा मोसम संपेपर्यंत मी मैदानात पाऊल टाकायचं नाही. शिट्टी सौम्याकडं दिली. मॅची बघायच्या तर कुंपणाबाहेरून. मला हे मान्य आहे. जेवणावर सुटलो असतो तर झोप आली नसती.

घरी आल्यावर स्वराली चुलीपुढं बसली होती. एक लाकूड आत सारलं. मग विचारलं, "म्हंजे देवी माझ्यावर रागावलेली न्हाय?"

"देवीला यातलं कायच ठाऊक न्हवतं, बाळ."

"मग मी नुसतीच चुकले?"

"व्हय. नुसतीच चुकलीस."

ती हसली. दहा महिन्यांत पहिल्यांदा. मग तिला माझा राग आला आणि तो अजून आहे. सकाळी चहा दिला तो भुईवर आपटून दिला, अर्धा सांडला. मी उरलेला गप प्यायलो.

आज संध्याकाळी सराव होता. मी कुंपणाबाहेर, अक्काताईच्या म्हशींच्या शेजारी उभा होतो. सौम्यानं बाकी चौघींना सरांची शपथ घातली, कशासाठी ते ऐकू आलं नाही. ऋतिकाला दोघींनी दंड धरून डावीकडं चालवलं, गटारीपर्यंत, आणि परत आणलं. प्रियदर्शनीच्या डोक्यावर त्यांनी पाण्याची कळशी ठेवली, म्हणजे मान वाकणार नाही. ती भिजली, पण ताठ उभी राहिली. हे तुला किंवा मला तीस वर्षांत सुचलं नसतं.

आणि स्वराली रेघेवर उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही. दुसरा फळीला लागून मनुबाईच्या पाठीत बसला. तिसरा, चौथाही गेला नाही. प्रत्येक वेळी ती स्वतःच पळत जाऊन बॉल आणत होती. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. पाचवा आत पडला. मी ओरडलो तर अक्काताई म्हणाली, "वरडू नगं, म्हशी बुजत्यात."

तिचं काहीतरी चुकतंय, आनंदा. बॉल सोडताना कोपर बाहेर जातो की मनगट आधी मोडतं, ते मला कुंपणाबाहेरून दिसत नाही. ऊन समोरून येतं. आणि खरं सांगू, आत उभा असतो तरी मला कळलं नसतं. मी माणसांच्या जागा ओळखतो, हात तू ओळखतोस. सराव संपल्यावर ती तुझ्याच घराच्या बंद दारापाशी थोडा वेळ उभी होती. मग घरी आली.

गाव तुला आणायला येतो म्हणत होता, वाजतगाजत. मी नको म्हटलं, तुला ते आवडणार नाही. कुणालाही न सांगता ये. पाचच्या सुमारास आलास तर पोरी विळे ठेवत असतील. तू आत जा, रेघेपाशी उभा राहा आणि तिचा हात बघ. मला शिव्या घालायच्या असतील तर तिथूनच घाल, सगळ्यांदेखत, जमेल तेवढ्या मोठ्यानं. मी कुंपणाला धरून उभा असेन आणि यावेळी मान डोलावीन.

मष्णू